गाण्यांची उतरंड

चांगले गाणे ऐकले की रसिकाच्या मनात दोन इच्छा जाग्या होतात. ते गाणे आपल्यापाशी राहावे, ही पहिली. आणि ते दुसऱ्या कोणत्या तरी गाण्याहून सरस आहे असे कुणाला तरी पटवून द्यावे, ही दुसरी. पहिल्या इच्छेपोटी संग्रह होतात, दुसरीपोटी क्रमवारी लागते. ऐकण्याचा जो मूळ आनंद, तो या दोघींच्या मध्ये पुष्कळदा अंग चोरून उभा असतो. चित्रपटगीतांवर आणि भावगीतांवर आपल्याकडे आठवणीपर लेखन उदंड झाले. परंतु आपण गाणी जमवतो कशी, मोजतो कशी आणि त्यांना वरखाली बसवतो ते कोणत्या न्यायाने, याचा विचार आस्वादाच्या चर्चेत क्वचितच होतो. तो थोडासा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे गाव आहे. यादवकालीन देवळे, उंच कोरीव दगडी स्तंभ आणि जुनी बारव यांच्यासाठी अभ्यासक तेथे वाट वाकडी करून येतात. माझ्या शिक्षकी पेशातील बरीच वर्षे त्या गावी गेली. मिस्सेसाठी लांबचा प्रवास करावा लागे, वाचनालय बेताचे, आणि दिवेलागणीनंतर करमणूक म्हणजे रेडिओ. परभणीचे आकाशवाणी केंद्र जवळचे. परंतु बुधवारी रात्री आठ वाजले की गावातील बहुतेक काटे लघुलहरींकडे वळत आणि खरखरीतून, मध्येच बुडत, मध्येच वर येत, समुद्रापलीकडचा तो परिचित आवाज कानी पडे. चहाच्या हॉटेलात बाके भरलेली असत. बी-बियाण्याच्या भावावर भांडणारी माणसे त्या एका तासात, कोणते गाणे कोणत्या पायदानावर गेले यावर भांडत. माझ्यासारख्या परगावाहून आलेल्याला गावात शिरकाव मिळाला तो या भांडणांतून.

'बिनाका गीतमाला' ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर सुरू झाली. आरंभीचे तिचे स्वरूप आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. अर्ध्या तासात सात गाणी लावायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि ज्याचा क्रम जुळेल त्याला शंभर रुपयांचे बक्षीस, असा तो खेळ होता. निवेदक अमीन सायानी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे ते पुढे आयुष्यभर सांगत असत. पत्रांचा लोंढा इतका वाढला की ती उघडून वाचणे आणि तपासणे अशक्य झाले, आणि म्हणून १९५४ च्या अखेरीस स्पर्धा बंद करून लोकप्रियतेची उतरती यादी सुरू करण्यात आली. या तपशिलाकडे टीकाकाराने नीट पाहावे. ज्या क्रमवारीने पुढे तीन पिढ्यांची अभिरुची घडवली, ती सौंदर्यविचारातून निघाली नव्हती. पत्रे मोजता येईनात, या कार्यालयीन अडचणीतून ती निघाली. रेकॉर्डच्या दुकानांतील खपाचे आकडे आणि श्रोत्यांच्या फर्माइशी यांची मोट बांधून यादी ठरू लागली. ठरावीक आठवडे टिकलेले गाणे 'सरताज' ठरे आणि सन्मानाने यादीतून बाहेर पडे. ही माळ १९८८ पर्यंत सिलोनवरून आणि त्यानंतर काही वर्षे विविध भारतीवरून चालली. अमीन सायानी फेब्रुवारी २०२४ मध्ये निवर्तले, तेव्हा वृत्तपत्रांत जे मृत्युलेख आले त्यांत त्यांच्या आवाजाचे वर्णन भरपूर होते. त्या यादीने काय केले याचे मात्र जवळजवळ नव्हते.

तिने काय केले? पहिली गोष्ट तिच्या बाजूची सांगितली पाहिजे. मराठवाडा निजामी अंमलातून मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालची. आपले मत विचारले जाते आणि ते मोजले जाते, ही गोष्टच या प्रदेशाला नवी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस कुणीतरी गाण्यांविषयीही मत विचारू लागला. मलबार हिलवरून आलेले पत्र आणि एखाद्या खेड्यातून आलेले पोस्टकार्ड यांचे वजन तेथे सारखेच भरे. झुमरीतलैया हे बिहारमधील (आता झारखंडमधील) अभ्रकाच्या खाणींचे गाव केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले, याची थट्टा पुष्कळ झाली. मला त्यात थट्टेसारखे काही दिसत नाही. ज्या गावाचे नाव नकाशावर कुणी शोधत नाही, त्या गावाने आपले नाव दर आठवड्याला उच्चारले जावे अशी तजवीज केली, तीही पोस्टकार्डाच्या खर्चात.

आणि याच्या विरुद्ध टोकाला कोण होते? १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचा मर्मज्ञ. चित्रपटगीतांनी जनतेची रुची बिघडते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीते त्यांच्या काळात आधी आटली आणि निर्मात्यांशी बेबनाव झाल्यावर जवळजवळ नाहीशीच झाली. श्रोता उठून सिलोनला गेला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून सरकारला त्याची मनधरणी करावी लागली. केसकरांनीही क्रमवारीच लावली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. शास्त्रीय गायकवादकांची ध्वनिचाचणी घेऊन त्यांना 'ए', 'बी-हाय', 'बी' अशा श्रेणी देण्याची पद्धत त्यांच्याच कारकीर्दीत रूढ झाली, आणि तीवरून कलावंतांत मोठा असंतोष माजला. म्हणजे एकाच दशकात वरून उतरणारी एक प्रतवारी आणि खालून चढणारी एक प्रतवारी समोरासमोर उभ्या होत्या. दिल्लीतील समिती विरुद्ध पोस्टकार्डांचे गठ्ठे. यांपैकी एकीची निवड करायची झाली तर मी पोस्टकार्डांची करीन. समिती चुकली तर तिला ते सांगणारे कुणी नसते, पण गठ्ठा पुढच्या बुधवारी बदलू शकतो.

तथापि गठ्ठ्यालाही चुका करता येतात. १९५७ सालचेच पाहा. 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया' हे तिन्ही चित्रपट त्या एका वर्षाचे. सचिनदेव बर्मन, ओ. पी. नय्यर आणि नौशाद या तिघांचेही काम ऐन बहरातले. वर्षाच्या अखेरीस गीतमालेच्या शिखरावर गेले ते 'जनम जनम के फेरे' या पौराणिक वळणाच्या चित्रपटातील गाणे, संगीत एस. एन. त्रिपाठी यांचे, शब्द भरत व्यास यांचे. पुष्कळ जाणकार हे उदाहरण लोकांच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून देतात. मला तसे वाटत नाही. ते गाणे चांगले आहे; त्याची चाल साधी, कुणालाही गुणगुणता येईल अशी आहे, आणि त्यातील भाव घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत जाणारा आहे. 'प्यासा'ची गाणी मात्र एकेकट्याने, रात्री, दार लावून ऐकण्याची. ती कुणी पोस्टकार्डावर लिहून पाठवणार नाही. जे गाणे चारचौघांत मागता येते तेच यादीत चढते. जे गाणे माणूस स्वतःशी कबूल करायलाही कचरतो, ते यादीबाहेर राहते. लोकप्रियतेच्या कोणत्याही मोजदादीतील हा मूलभूत दोष आहे, आणि आकडे कितीही अचूक केले तरी तो जात नाही.

क्रमवारीला मी उतरंड म्हणतो ते याचसाठी. जुन्या माजघरात मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड असे. सर्वांत वरचे मडके दारातून आलेल्याला दिसते. घरधनीण ज्यात खरा ठेवा राखते ते मडके बहुधा तळाशी असते, आणि तेथपर्यंत पोचायचे तर वरची सारी एकेक करून खाली उतरवावी लागतात.

आता संग्रहाकडे वळू. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. भारतात पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. तेव्हापासून साठ-सत्तर वर्षे आपल्या गाण्याची लांबी ठरवली ती या तबकडीने. भावगीताचा धृपद आणि तीन कडव्यांचा आटोपशीर बांधा हा कवी आणि तबकडी या दोघांच्या संमतीने ठरलेला आहे. सोळा गाणी जवळ हवी असतील तर आठ तबकड्या घ्याव्या लागत, शिवाय ग्रामोफोन. शिक्षकाच्या पगारात ते बसत नसे. चारठाण्यासारख्या गावी संग्रह शक्य झाला तो कॅसेट आल्यावर.

त्या काळी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी 'रेकॉर्डिंग सेंटर' नावाची दुकाने निघाली होती. कायदा त्यांच्याकडे कसा पाहत होता हा भाग निराळा. आपण गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट घ्यायची, आणि आठवड्याने ती भरून मिळायची. साठ मिनिटांच्या कॅसेटला दोन बाजू, प्रत्येकी तीस मिनिटांच्या. म्हणजे एका बाजूस आठ गाणी. नवव्याचा मोह धरला तर ते शेवटच्या कडव्यात खाडकन तुटे. आवडती गाणी असतात शंभर, आणि जागा सोळांची. ही यादी करणे म्हणजे आस्वादाचा खरा अभ्यास होता. महिना-महिना ती खिशात असे. एक गाणे घातले की दुसरे काढावे लागे, आणि काढताना त्याच्याविषयी काही तरी ठरवावे लागे. हे मला चालीमुळे आवडते की शब्दांमुळे? की ते ज्या वर्षी ऐकले त्या वर्षामुळे? तिसरे कारण निघाले की मी गाणे काढीत नसे. ते वर्ष मग दुसरीकडे कुठे ठेवणार?

यादीतील पहिले गाणे हे सर्वांत आवडते गाणे नसे, ही गोष्ट संग्राहकांना लगेच उमजेल. सर्वांत आवडते गाणे आरंभी ठेवले तर त्याच्या पाठोपाठ येणारे फिके पडते. ते तिसरे किंवा सहावे बरे. दोन तारस्वरांतील गाणी एकमेकांना खेटून ठेवू नयेत. तलतच्या मागे रफी चालतो, रफीच्या मागे तलत जरा विचार करूनच ठेवावा. द्वंद्वगीत बाजूच्या अखेरीस शोभते. बाजू उलटायला उठावे लागते, तेव्हा मनात काय रेंगाळावे याचाही विचार करावा. हे नियम मला कुणी शिकवले नाहीत, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येक संग्राहकाला ते आपापले सापडले होते. येथे क्रम आहे. पण वरिष्ठ-कनिष्ठपणा नाही. जेवणाच्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या असतात. चटणी डावीकडे आहे म्हणून ती कोशिंबिरीहून हलकी, असे कुणी म्हणत नाही.

मराठीत या प्रकारच्या क्रमाचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे 'गीतरामायण'. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, पुणे आकाशवाणी. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्नांची छप्पन्न गीते झाली. या छप्पन्नांतील सर्वोत्तम कोणते, असा प्रश्न हौशी मंडळी विचारतात, आणि ज्याला त्याला उत्तरही ठाऊक असते. पण प्रश्नच चुकीचा आहे. तेथे प्रत्येक गीताची जागा कथेने ठरवली आहे. विसावे गीत ऐकताना एकोणीस आठवडे वाट पाहिल्याची जी जोड ऐकणाऱ्याच्या मनात होती, ती त्याला गुण देऊन कशी मोजणार? आपल्या उपासनेतही हेच आहे. चर्चमधील फळ्यावर त्या रविवारच्या गीतांचे क्रमांक लिहिलेले असतात. पुस्तकात ते कोठे सापडेल, यापलीकडे त्या आकड्याला अर्थ नाही. प्रवेशगीत अर्पणगीताहून श्रेष्ठ आहे की काय, हा वाद कोणत्याही धर्मग्रामात झाल्याचे मी ऐकलेले नाही.

संग्रहाला एक बाजू अशी आहे की जिच्यामुळे मी त्याला क्रमवारीहून बराच वरचा मान देतो. संग्राहक तबकडीवरचे कागदी लेबल वाचतो. आणि लेबल वाचणाऱ्यालाच, लेबलावर काय नाही हे कळते. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील ज्या गाण्याने लता मंगेशकर घरोघर पोचल्या, त्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते. ते पडद्यावरील पात्राचे नाव. गाणारी कोण, हे विचारणारी पत्रे श्रोत्यांनी आकाशवाणीला लिहिली, आकाशवाणीने कंपनीकडे चौकशी केली, आणि खरे नाव प्रक्षेपित झाले. श्रोत्यांच्या पत्रांनी केलेले हे काम मला बेचाळीस वर्षांच्या सगळ्या पायदानांहून मोलाचे वाटते. तेथे गाणे वर चढवायचे नव्हते. गाणाऱ्या माणसाला त्याचे नाव परत द्यायचे होते.

असे परत द्यावयाचे नाव आपल्या समाजाकडूनही येणे आहे. हिंदी चित्रपटगीतांच्या सुवर्णकाळात संगीतकार चाल बांधत. परंतु ती चाल चाळीस-पन्नास वादकांच्या वृंदात कशी खुलेल, व्हायोलिनचा ताफा कोठे उसळेल, ट्रम्पेट कोठे बोलेल, दोन कडव्यांमधील संगीतखंड कसा असेल, हे लिहून काढणारे संगीत-संयोजक बहुतांशी गोव्याचे कॅथलिक होते. त्याचे कारण साधे आहे. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला आणि लिहायला शिकवीत. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात ही विद्या असणारे दुसरे फार थोडे होते. सबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम केले. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला'त जे पाश्चात्त्य ठेके गावोगाव गाजले, त्यांमागे चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठ्या वाद्यवृंदाकरवी भारतीय रागांवरील रचना सादर केल्या आणि त्या कार्यक्रमात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील एका गाण्यात त्यांचे नाव आले ते शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे. साऱ्या देशाला ते नाव पाठ झाले. मात्र ते एका खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते गोव्यात वारले.

गीतमालेत गाणे पहिले आले की चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव पुकारले जाई. संयोजकाचे नाही. तबकडीवरही नाही. आपण गाण्याची जी ओळ गुणगुणतो तिला लागूनच व्हायोलिनचा तुकडाही तोंडाने वाजवतो, आणि तो तुकडा कुणाचा हे विचारण्याचे कुणाला सुचत नाही. आज हे सारे आपल्याला कळले आहे ते जिद्दी संग्राहकांमुळे आणि वृद्ध वादकांच्या घरी जाऊन बसलेल्या संशोधकांमुळे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आणि तिचे सुरेश चांदवणकर यांनी भंगारात निघालेल्या तबकड्या वाचवल्या, त्यांची माहिती छापली. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' दशकवार सिद्ध केला.

या कोशाने क्रमवारीवाल्यांची जी फजिती केली तीही सांगण्याजोगी आहे. १९७४ च्या गिनीज ग्रंथात लता मंगेशकरांच्या नावे पंचवीस हजार गाणी नोंदली गेली. महंमद रफींनी हरकत घेतली आणि आपला आकडा त्याहून मोठा असल्याचे कळवले. देशभर तट पडले, घराघरांत वाद झाले. संग्राहकांनी शांतपणे एकेक तबकडी, एकेक चित्रपट धरून मोजदाद केली, तेव्हा लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास आणि रफींची साडेचार हजारांच्या आसपास भरली. इतर भाषांतील आणि चित्रपटबाह्य गाणी धरली तरी पंचवीस हजारांच्या जवळपासही कुणी जात नाही. गिनीजने पुढे ती नोंद गाळली. मला यातील मौज अशी वाटते की, पाच हजार हा आकडा ऐकून दोन्हीकडचे भक्त हिरमुसले. पाच हजार गाणी! रोज एक ऐकले तरी साडेतेरा वर्षे पुरतील. तेवढ्याने ज्याची भूक भागत नाही, त्याला गाणे हवे होते की आकडा?

गोळा करूनही प्रतवारी न लावण्याचे एक भव्य उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे. गी पॉयट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांच्या साह्याने १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या. हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. पुढे त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या उपक्रमाने त्या लोकांपुढे ठेवल्या. त्यांचे वर्गीकरण झाले ते विषयवार: माहेर, भाऊ, पाऊस, पंढरी, सासुरवास. पहिली दहा कोणती, असे तेथे कुणी विचारले नाही. गंगाखेडच्या जनाबाईच्या या जिल्ह्यात दळण आणि गाणे यांचे नाते सांगायला नको. चारठाण्यात माझ्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. गिरणी येऊन वर्षे लोटली होती, तरी डाळ भरडायला त्या जाते लावीत आणि लावले की गात. त्यांतली आवडती ओवी कोणती, असे मी एकदा विचारले. "आवडीचं काय ओ गुर्जी, हात फिराया लागला की येती ती," एवढे बोलून त्यांनी पुढची मूठ वैरली. गाणे हे कामाच्या हालचालीतून येते. ते निवडून काढून बाजूला ठेवण्याची वस्तूच नव्हे, ही कल्पना माझ्या कॅसेटच्या पेटीला चांगलीच धक्का देणारी होती. तरीही मी म्हणेन की, पॉयट्वाँ आणि राईरकर यांनी ती बाजूला काढून ठेवली नसती तर हात फिरायचा थांबल्यावर तीही थांबली असती.

आज संग्रहाला कष्ट उरले नाहीत. सारेगामा कंपनीने २०१७ साली 'कारवाँ' नावाचा, पाच हजार गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा दिसणारा संच विक्रीस आणला. त्यात अमीन सायानींच्या गीतमालेचाही कप्पा आहे. निवृत्त आईवडिलांना मुले तो भेट देतात, आणि ती चांगलीच भेट आहे. डोळे अधू झालेल्या माणसाला एक बटण दाबून गाणे मिळावे यात वाईट काय? भ्रमणध्वनीवर तर याहून कितीतरी अधिक गाणी, आणि प्रत्येकाखाली ते किती लाख वेळा वाजले याचा आकडा. गीतमालेच्या यादीसाठी निदान एक आठवडा थांबावे लागे. आता आकडा गाण्याच्या आधी दिसतो. सोळा गाण्यांसाठी महिनाभर जे मनाशी भांडण चाले ते नव्या श्रोत्याला करावे लागत नाही. त्याच्याविषयी मला तक्रार नाही. पण ते भांडण म्हणजेच रसग्रहण होते, आणि त्याची जागा घेणारे दुसरे काही मला अद्याप दिसलेले नाही. माझ्या भाचीने मात्र आपल्या भ्रमणध्वनीवर बावीस गाण्यांची एक यादी केली आहे, आणि तिसाव्याची परवानगी असूनही ती तेविसावे घालायला तयार नाही. का, ते सांगतही नाही.

आपल्या वाचकांच्या घरांपुरता शेवटी एक विषय. वसईच्या आपल्या लग्नघरांत हळदीपासून वरातीपर्यंत जी सामवेदी आणि वाडवळी गीते गायली जात, ती १९८० नंतर पुष्कळ घरांनी कॅसेटवर उतरवून घेतली. समुद्राच्या हवेने त्या फितींना बुरशी धरते, चिकटपणा येतो, आणि एकदा ताणली गेलेली फीत पूर्ववत होत नाही. या कॅसेटी कोणत्याही यादीत नाहीत, कोणत्याही कोशात नाहीत. त्या वाजवणारे यंत्र घरात चालू आहे तोवर त्यांची नक्कल करून घ्यावी, आणि वेष्टणावर साल, गाव व गाणाऱ्या बायकांची नावे शिसपेन्सिलीने लिहावीत, शाई पसरते. अशी एक कॅसेट मला अलीकडेच ऐकायला मिळाली. एक बाई पुढे गाते, चौघी मागून झेलतात. तिसऱ्या गीतात मागच्या चौघींतील एक आवाज असा काही वर जातो की पुढे गाणारी क्षणभर थांबते. वेष्टणावर नवऱ्यामुलाचे नाव आहे, नवरीचे आहे, ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्याचेही आहे. गाणाऱ्या पाचींपैकी एक हयात आहे म्हणतात, लेकीकडे असते. तो वर जाणारा आवाज कुणाचा, हे आता तिलाच विचारता येईल.